पाटावरचा फिल्टर

रतनने त्या माणसाच्या डोक्यात घातला तो माशांच्या टाकीचा पंप होता. ओतीव लोखंडाचा, चांगला वरवंट्याएवढा. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने टाकीखालच्या कपाटात हात घातला, नळ्या तोडून पंप बाहेर ओढला आणि दोनदा मारला. माणूस टेबलाखाली गेला. टाकीतले बुडबुडे थांबले. माणसाला कोणीतरी रिक्षात घालून नेलं, आणि टाकीसाठी काशीरामला बोलावणं आलं.

तेव्हा मी तिथे नव्हतो. मी बारमध्ये जाणारा माणूस नव्हे. पण पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि काशीरामबद्दल लिहील असं आता दुसरं कोणी उरलेलं नाही. मला नीट जमेलच असं नाही.

काशीराम पालव घाटकोपरच्या भटवाडीत आमच्याच चाळीत राहायचा. मूळचा कणकवलीकडचा. परळच्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. ब्याऐंशीच्या संपात त्याचं काम गेलं ते गेलंच. त्या संपात त्याने एकाला मारलं होतं. संप मोडून कामावर निघालेला तो त्याच्याच खात्यातला सोबती. काशीरामने त्याच्या तोंडावर धोटा मारला. धोटा म्हणजे साच्यातून सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेला. सोबत्याचा एक डोळा गेला. त्यानेही पोलिसांत नाव सांगितलं नाही, बाकी कोणी सांगण्याचा प्रश्नच नव्हता.

काशीराम यावर बोलायचा नाही. माझ्याशी एकदाच बोलला.

"भाऊ, धोटा हातात येईपर्यंत मी मारणार नव्हतो," तो म्हणाला. "हातात आला आणि मग हातानेच मारलं. मला कोणी विचारलंच नाही."

संपानंतर त्याने पंखे, मिक्सर, काय मिळेल ते दुरुस्त केलं. एकदा पंतनगरमधल्या एका घरातला माशांच्या टाकीचा पंप त्याच्याकडे आला. तो उघडून बघताना त्याला आत दट्ट्या दिसला, आणि यंत्राचं कायकाय असतं ते सगळं त्या एवढ्याशा डब्यात बघून माणूस खूश झाला. पुढे तो टाक्याच सांभाळायला लागला. मुलुंडपर्यंत सायकलने जायचा. बादली, रबरी नळी आणि जुनी बनियन, एवढीच हत्यारं. घरी त्याची बायको मालन म्हणायची, गिरणीत होता तेव्हा अंगाला कापसाचा वास यायचा, आता मच्छी न खाता मच्छीचा येतो.

चाळीच्या तोंडाशी अंबादासशेठचा बार होता, आणि बारमध्ये माणूस आडवा झोपेल एवढी टाकी. तिच्यात दोनच मासे. ऑस्कर जातीचे, काळे, अंगावर निखाऱ्यासारखे पट्टे, हाताच्या पंजाहून मोठे. त्यातल्या मोठ्याला अंबादास सरदार म्हणायचा. हे मासे जिवंत मासे खातात. गिऱ्हाइकांची चढली की कोणीतरी ओरडायचं, "शेठ, एक सोड ना यार." मग रतन, म्हणजे अंबादासचा धाकटा भाऊ, पिशवीतला सोनेरी मासा पाण्यात सोडायचा. सरदार त्याला कोपऱ्यात घालून अर्धा तोडायचा. उरलेला अर्धा तोंड उघडत मिटत फिरत राहायचा आणि लोक हसायचे. अंबादास हसायचा नाही. तो काचेला तळहात लावून उभा राहायचा, आणि सरदार येऊन त्या हातासमोर थांबायचा. सरदार आल्यापासून आपल्यावर एकही वार बसला नाही, अशी त्याची समजूत होती.

काशीरामच्या आधी ही टाकी बघणाऱ्या माणसाच्या हातून एक मासा मेला होता. अंबादासने त्याचा उजवा हात उंबऱ्यावर ठेवायला लावला आणि बारचं शटर त्यावर खाली आपटलं. हे सगळ्या भटवाडीला माहीत होतं. काशीरामलाही माहीत होतं. मी त्याला विचारलं की तरी तू काम का घेतलंस. तो म्हणाला की टाकी चांगली होती.

पंप मोडला तो पितृपक्षात. अंबादासची आई सुगंधाबाई बारच्या मागच्या खोलीत राहायची. साताऱ्याकडची बाई, सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणार, आणि दोन्ही मुलगे जगात तिलाच घाबरायचे. पंधरवडा संपेपर्यंत घरात नवी वस्तू येणार नाही, असं तिने सांगितलं. मग काशीरामने माशांना उपाशी ठेवलं, घरचे दोन छोटे पंप आणून लावले, आणि रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन हवा मिसळावी म्हणून तांब्याने टाकीतलंच पाणी वरून टाकीत ओतलं. उपाशी मासा पाणी घाण करत नाही. मासे जगले. अंबादासने येऊन एवढंच सांगितलं की नवा फिल्टर झकास पाहिजे, आणि सरदारला काही झालं तर शटर कुठे आहे ते काशीरामला ठाऊक आहे.

घटस्थापनेच्या दिवशी काशीराम माझ्या ऑफिसच्या दारात उभा राहिला. माझं ऑफिस फोर्टात. क्रॉफर्ड मार्केटात जायचं होतं आणि खोक्यांवरचं इंग्रजी वाचायला त्याला कोणीतरी हवं होतं. मी गेलो.

पाळीव पक्ष्यांच्या आणि माशांच्या त्या गल्लीत पोपटांचा कलकलाट आणि कुत्र्यांच्या पिल्लांचा वास असायचा. दुकानदाराने पहिल्यांदा तुटला होता तसलाच पंप पुढे ठेवला. वाळूखाली जाळी, तिच्यातून हवा, पंधरा वर्षं बघायला नको. काशीरामने तो उजव्या मुठीत धरला, खांद्यापर्यंत उचलला, आणि असा काही खाली आणला की दुकानदार मागे सरकला.

"नको," काशीराम म्हणाला.

"का? वाईट काय आहे?"

"हातात फार छान बसतो."

दुकानदार माझ्याकडे पाहायला लागला. मलाही तेव्हा कळलं नव्हतं. मग त्याने स्पंजचे फिल्टर दाखवले, साबणाच्या डबीएवढ्या पंपांवर चालणारे. काशीरामने ते तळहातावर तोलले, मान हलवली. एवढ्या मोठ्या माशांना ते पुरणारे नव्हते, हे त्याला न सांगता कळत होतं. शेवटी दुकानदाराने आतून एक परदेशी खोकं काढलं. जर्मन माल, सिंगापूरहून आलेला. हिरवा प्लास्टिकचा डबा, साधारण दुधाच्या किटलीएवढा. झाकणात मोटर. टाकीतलं पाणी एका जाड नळीने डब्यात उतरतं, आतल्या स्पंजांतून गाळलं जातं आणि दुसऱ्या नळीने जोरात परत वर जातं. मी खोक्यावरचं वाचून दाखवलं. एक वाक्य लाल अक्षरांत होतं, ते मी दोनदा वाचलं. यंत्र दिवसरात्र चालू ठेवावे.

काशीरामने डबा पाण्याने भरून मागितला. भरलेला डबा एका हाताने उचलायचा प्रयत्न केला. जमला नाही. दोन्ही हातांनी उचलला तर पकडायला धड कोपरा नव्हता. झाकण डब्याला खटक्यांनी आवळलेलं, आणि ते खटके लावायला एका हाताने डबा दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने जोर लावायचा.

"हा द्या," तो म्हणाला. "याने कोणाला मारता येत नाही."

परत येताना मी त्याला विचारलं की मासे सांभाळायला फिल्टर घेतलास की माणसं. तो लोकलमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसला होता, पोरासारखं.

ललितापंचमीला त्याने तो बसवला. जुनी वाळू धुतली नाही, तशीच ठेवली. तिच्यातल्या घाणीशिवाय पाणी कच्चं राहतं असं त्याचं म्हणणं. संध्याकाळपर्यंत टाकी अशी दिसायला लागली की काच आहे की नाही कळेना. सरदार नळीच्या धारेत तोंड धरून उभा राहिला. अंबादास पहिल्यांदाच काशीरामच्या पाठीवर थाप मारून गेला. सुगंधाबाई मागच्या खोलीतून बघायला आली. तिने विचारलं की हे हत्यार का यंत्र.

आणि इथे काशीरामची चूक झाली. माणूस खुशीत होता. त्याने तिला गिरणीतली खंडेनवमी सांगितली. साचे बंद व्हायचे, प्रत्येकजण आपला साचा धुऊन पुसून लख्ख करायचा, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. त्या दिवशी मालकाचा बाप आला तरी पट्टा फिरायचा नाही. ज्याच्यावर पोट भरतं त्याला वर्षातून एक दिवस बसायला द्यायचं. गिरणी सुटल्यापासून त्याची खंडेनवमी झाली नव्हती. सुगंधाबाईने सगळं ऐकून घेतलं. लाल अक्षरांतलं वाक्य तिला सांगायचं त्याच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही, पण मी तिथे नव्हतो.

खंडेनवमीच्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी काशीराम नेहमीची फेरी मारायला निघाला, मी चाळीच्या दारात उभा होतो म्हणून त्याच्याबरोबर चार पावलं चाललो. बारच्या पायरीपर्यंत जाऊन परत फिरणार होतो. पण आत फार शांत होतं, आणि काशीराम धावला, म्हणून मीही आत गेलो.

टाकीचं पाणी स्थिर होतं आणि पिवळं. दोन्ही मासे वर येऊन तोंडं पाण्याबाहेर काढत होते. काउंटरसमोर पाट मांडला होता. पाटावर एक तलवार, तीन कोयते, एक गुप्ती, बर्फ फोडायचा टोच्या, पेग मोजायचं माप, आणि मधोमध हिरवा डबा. पुसून कोरडा केलेला, झाकणावर हळदकुंकवाची बोटं, गळ्यात झेंडूची माळ. नळ्या गुंडाळून बाजूला ठेवल्या होत्या. पाटाशेजारी सुगंधाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने सांगितलं की आदल्या संध्याकाळीच उतरवला, काशीरामने सांगितलं होतं तसाच.

भर म्हणून रतनने सकाळी माशांनाही सण घातला होता. बोकडाचे तुकडे. त्यांतले न खाल्लेले वाळूवर पडून पांढरे झाले होते. ऑक्टोबरचा उन्हाळा, पंखासुद्धा गरम वारा टाकत होता.

काशीराम पाटासमोर उकिडवा बसला. त्याने फिल्टर मागितला, हात जोडून मागितला. सुगंधाबाई म्हणाली, "पाटावरचं काय बी हलायचं न्हाय. उद्या दसऱ्याला हलंल. आन् एक हललं की समदं हललं." तिचं म्हणणं काशीरामला समजावून सांगायची गरज नव्हती. तो त्याचाच नेम होता.

तेवढ्यात दारातून कोणीतरी हसलं. तो अनंत होता, रतनने डोक्यात पंप घातला होता तो ट्रक ड्रायव्हर. टाळूवर अजून पट्टी. दवाखान्यातून सुटल्यापासून तो रोज समोरच्या पानाच्या गादीवर येऊन उभा राहायचा. आज उंबऱ्यावर आला होता. त्याच्या मागे दोघे होते.

"काय रे रतन," तो म्हणाला, "कोयते सुट्टीवर का आज? देवाला बसलेत?"

रतन काउंटरच्या आत उभा होता. तो बाहेर यायला वळला. आईने मान वर न करता त्याला नाव घेऊन थांबवलं. नवमीला घरात रक्त सांडायचं नाही, हेही तिचंच. अनंतला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तो आजचा दिवस बघून आला होता. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि रतनच्या आईपासून सुरुवात करून जे बोलायला लागला ते मी लिहू शकत नाही.

रतनने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो काशीरामच्या हाताकडे पाहत होता.

"उचल ना, काशीराम," तो हळू म्हणाला. "तुझा मासा मरतोय. उचल तू डबा. तू उचललास की पाट मोडला, मग आईचंही काही चालत नाही. बाकीचं मी उचलतो."

मला वाटतं तोपर्यंत मीसुद्धा मनात म्हणत होतो की उचल आणि सूट. मग मी अनंतची पट्टी पाहिली. काशीरामचा हात डब्यापासून वीतभर लांब होता. तो तिथेच राहिला. मग त्याने तो मागे घेतला, उठला, आणि मला म्हणाला की घरी जाऊन मालनकडून दोन्ही छोटे पंप घेऊन या.

मी धावत गेलो, आणले. त्याने ते लावले आणि तांब्या हातात घेतला. पाणी भरायचं, हात उंच करायचा, ओतायचं. बाहेरून नवं पाणी घालावं तर पिंपं रिकामी होती. सणाची धुलाई म्हणून सकाळीच सगळं वापरून झालं होतं आणि नळ दुसऱ्या दिवसाशिवाय येणार नव्हता. मी बाजूने रबरी नळीने वाळूवरचं मटण ओढून काढत होतो. अनंत दारातून माशावर बोलायला लागला. तांब्याने मासे जगतात का रे, त्याला भटजी बोलवा, तुळशीपत्र द्या. त्याचे दोघे सोबती हसत होते. काशीरामचा सदरा खांद्यापर्यंत भिजला. त्याने एकदाही दाराकडे पाहिलं नाही.

छोटा ऑस्कर मधूनमधून खाली जायला लागला. मला बरं वाटलं. पण सरदार मोठा होता, त्याने खाल्लंही जास्त होतं. उन्हं कलली तेव्हा तो एका कुशीवर झाला. काशीरामने पाण्यात दोन्ही हात घालून त्याला सरळ धरला, पुढे-मागे हलवत राहिला. माशाने त्याच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला आणि सोडला नाही. तसाच तो मेला. काशीरामला त्याचा जबडा बोटाने उघडावा लागला.

अंबादास तेव्हाच आला. अंगात रेशमी सदरा, कपाळाला गुलाल, कुठल्याशा मंडळाच्या देवीवरून आला होता. त्याने टाकी पाहिली, पाट पाहिला, आईकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं असं मला वाटतं. काशीरामने आईचा शब्द राखला हेही कळलं. कदाचित तो नुसता शिव्या देऊन थांबला असता. पण दारातून अनंत मोठ्याने म्हणाला, "सरदार गेला रे अंब्या. आता वार बसणार."

अंबादासच्या गळ्यातून एक आवाज निघाला. त्याने पाटाकडे पाऊल टाकलं, आणि सुगंधाबाईने पाटावर आपला हात आडवा ठेवला. तो थांबला. कोणावर तरी जायला हवं होतं. त्याने काशीरामची मान धरली आणि त्याला उंबऱ्याशी नेला.

अनंत बाजूला झाला. तो आता हसत नव्हता.

काशीरामने डावा हात ठेवला होता. अंबादास म्हणाला, "उजवा." काशीरामने उजवा ठेवला. मी काहीतरी म्हणालो, काय ते आठवत नाही, कोणी ऐकलंही नाही. शटर वरून आलं. मी ते शटर रोज सकाळी उघडताना ऐकायचो, पण तेव्हाचा आवाज तसा नव्हता, मधेच अडकल्यासारखा होता. काशीराम ओरडला नाही, त्याने कपाळ जमिनीवर ठेवलं. अंबादासने शटर उचललं तर हात जागेवर होता, पण हातासारखा दिसत नव्हता. रक्त सांडलं नव्हतं. बोटं आतल्या आत मोडली होती. सुगंधाबाईने उठून वाकून तेवढं बघितलं, फरशी कोरडी आहे याची खात्री केली, आणि परत भिंतीला टेकली.

अनंत आणि त्याचे सोबती निघून गेले. तो नंतर भटवाडीत दिसला नाही. गोव्याच्या मार्गावर ट्रक चालवतो असं कोणीतरी सांगितलं. दसऱ्याला पाट हलला, रतन कोयता घेऊन पानाच्या गादीपर्यंत गेला आणि तिथे कोणी नाही म्हणून त्याने गादीची बाकडी तोडली. म्हणजे अनंत त्या नवमीमुळे वाचला, एवढं मी धरून चालतो.

दसऱ्याच्या संध्याकाळी सुगंधाबाई आपट्याची पानं घेऊन चाळीत आली. काशीराम तेव्हा हॉस्पिटलातच होता. मालनने दारातच पानं घेतली, तिच्या डोळ्यांदेखत मोरीत टाकली आणि वर पाय दिला. मग शांतपणे म्हणाली, "तुमच्या घरात रगत सांडूक नाय ना? आता हंय सांडात. चलती व्हा." म्हातारी जिना उतरली.

प्लॅस्टर निघालं तेव्हा दोन बोटं वळत होती, बाकीची नाही. काशीराम डाव्या हाताने चहा प्यायला शिकला, डाव्याने पान्हा धरायला शिकला. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी तो सायकल न घेता, नुसती बादली घेऊन बाहेर निघाला. मालनने कुठे म्हणून विचारलं. तो म्हणाला की दुसरा मासा अजून आहे, फिल्टर भरला असेल, तिथे कोणाला तो धुता येत नाही. मालनने बादली हिसकावून घेतली आणि त्याच्या पाठीत मारली, एकदा, दोनदा, रडत. त्याने मार खाल्ला, बादली परत घेतली. तिने मला सांगितलं, "भाऊनु, तुमी जावा वांगडा." म्हणून मी त्याच्याबरोबर गेलो.

बार नुकता उघडला होता. अंबादास काउंटरवर एकटा होता. त्याने आम्हांला पाहिलं. टाकीतली धार बारीक झाली होती. काशीराम सरळ टाकीखालच्या कपाटापुढे बसला, नळ्या सोडल्या, डबा ओढून बाहेर काढला, स्पंज काढून बादलीत टाकीच्याच पाण्यात पिळले, एका हाताने, गुडघ्यात धरून. तिथवर जमलं. मग झाकण बसवायचं आलं. एका हाताने डबा दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने खटक्यांवर जोर द्यायचा. त्याने उजव्या मनगटाने दाबून पाहिलं. डबा सटकला, पाणी फरशीवर गेलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा सटकला. मी पुढे झालो, पण त्याने मला डोळ्यांनी थांबवलं.

अंबादास काउंटरमागून बाहेर आला. मग तो ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसला आणि दोन्ही हातांनी झाकण डब्यावर दाबलं. पाणी झिरपून त्याच्या मनगटावरून बाहीत जात होतं.

आजवर काशीराम त्याला शेठ, तुम्ही, अहो म्हणत आला होता.

"नीट धर," काशीराम म्हणाला. "आणखी जोरात. मी सांगेपर्यंत सोडू नको."